देवरे सरांची अर्धी वेल

देवरे सर मिसळ खायला बसले की आधी तिचा धडा करतात. शेव म्हणजे मुळं, मटकी म्हणजे मुळांवरच्या गाठी, तर्री म्हणजे जमिनीतलं पाणी. मग शेजारच्या अनोळखी माणसाकडे चमचा सरकवून म्हणतात, "आता नत्र कुठून येईल, दाखवा बरं." तो बिचारा पाव हातात धरून बघत राहतो.

नाशकात ब्रॉडबँड नवं होतं, तेव्हा आमच्या कृषी पदविकेचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले. सर शिकवायचे, मी संगणक सांभाळायचे. नोट्स उतरवून घेण्यावर सरांचा भलता राग. "वाक्यं नकोत, रेघ ओढा." ते पडद्यावर अर्धं चित्र टाकायचे आणि विद्यार्थ्यांनी ते माउसने पुरं करायचं. हीच त्यांची वही.

"सर, माउसने धड सहीसुद्धा जमत नाही," मी म्हणायचे.

"सही कशाला हवी? छाटणी जमली म्हणजे झालं."

वरच्या लोकांना हा पोरखेळ वाटायचा. शेवटी संचालकसाहेब स्वतःच वर्गात येऊन बसले. आज कोणी चित्र पुरं केलं नाही तर हा प्रकार बंद आणि छापील नोट्स सुरू, असं त्यांनी चहा पितानाच सांगून टाकलं.

सरांनी द्राक्षाची अर्धी वेल टाकली. "कात्री कुठे लावाल? पुढे वेल कशी फुटेल? काढा."

आमचे बहुतेक विद्यार्थी कळवणच्या एकाच सायबर कॅफेत बसत. नेमका तिथूनच फोन आला. "सर, लाईट गेली. आता लय वेळ नाय यायची."

पडद्यावरची नावं एकेक करून गेली. उरलं एकच, देवळाली कॅम्पच्या एका बाईंचं. वेल तशीच अर्धी. साहेबांनी घड्याळ पाहिलं. सर रुमालाने स्वच्छ फळा पुसत होते.

मग एक रेघ हलली. कात्री थरथरत येऊन बरोबर कोंब फुटतो त्या डोळ्याच्या वर बसली. फुटवे आले, घड लागले, मांडवाच्या तारा आल्या. आणि सगळ्यात शेवटी तारेला बांधलेली एक झोळी. तान्ह्या बाळाची.

"ही काय भानगड?" साहेब हसले. "अच्छा, बागेत मजूर बायका बांधतात ती. निरीक्षण चांगलंय बाईंचं. चालू ठेवा, देवरे." आणि ते गेले.

मी पेढे सांगायला निघाले, पण सर पडद्यापासून हलेनात.

"माझी मुलगी आहे ती," ते म्हणाले. "तिच्या लग्नाला मी गेलो नाही. तेव्हापासून माझा आवाज ऐकला की फोन ठेवते. सासरच्या नावाने वर्गात आली, पण मी रेघेवरून ओळखली. बोलत नाही. अर्धं टाकलं की पुरं मात्र करते."

साहेब समोर बसले असताना हा माणूस काय गमावायच्या बेतात होता, ते मला आत्ता कळलं.

देवळालीचं नाव पडद्यावर अजून होतं. सरांनी माउस झोळीपाशी नेला, मागे घेतला, पुन्हा नेला.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "मुलगा की मुलगी, हे विचारायला अर्धं चित्र कुठलं काढू?"