दोन डोक्यांची नोट

आमच्या वरच्या मजल्यावरचे वामनराव पाहुण्याला आधी हात धुवायला लावत. चहासाठी नव्हे, नोटेसाठी. हात धुतले तरी नोटेला हात लावू देत नसत, ते वेगळंच. प्लास्टिकच्या पाकिटातून ती चिमट्यानं काढत आणि म्हणत, "आता श्वास जरा बाजूला सोडा."

नोट ब्राझीलची, हजाराची, हिरवट. तिच्यावर टक्कल पडलेला एक मिशीवाला गृहस्थ, आणि पत्त्यातल्या राजासारखा खालच्या बाजूलाही तोच. वामनराव ती हळूच फिरवत. वरचा खाली जाई, खालचा वर येई.

"बघा ताई, कशीही धरा, माणूस सरळच."

माझी शाळा चौथीपर्यंत. अमेरिकेत बेलव्ह्यूला मुलाकडे आल्यापासून दुकानांच्या पाट्यांपुढेही मी बावरते. पण ती नोट मला पहिल्या दिवशीच समजली.

घडीचा वामनरावांना भारी राग. घडी पडली की नोट मेली, म्हणत. शर्ट सगळे हँगरवर. घडीची पोळीसुद्धा नको, फुलका चाले.

माझा सुहास त्यांना चिडवायचा. "काका, ब्राझीलनं चलनच बदललं. हिची व्हॅल्यू आता काय राहिली?"

"तुझी गाडी शोरूमबाहेर आली तेव्हाच तिची व्हॅल्यू उतरली. मी काही बोललो?"

त्या हिवाळ्यात त्यांच्या बायकोला, विमलवहिनींना, अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. हॉस्पिटलातून घरी आल्या त्या प्रत्येक वस्तू उलटी धरू लागल्या. कंगवा उलटा, चमचा उलटा, लग्नातला फोटो उलटा. काहीतरी चुकलंय एवढं त्यांना कळे, काय ते कळत नसे. मग रडत. यापुढे फारशी सुधारणा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

एकदा माझी सून नीता विचारपूस करायला वर गेली आणि दारातूनच परत आली. "काका म्हणाले, नंतर ये, आम्ही नोट बघतोय. काकू अशा पडलेल्या, आणि ह्यांना अजून नोट सुचते."

मलाही ते बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मऊ भात घेऊन मी वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. नोट त्यांच्या चांगल्या हातात होती, पाकिटाबाहेर. चुरगळलेली, वरणाचा डाग पडलेली, मधोमध घडीवर विरलेली. त्यांनी ती फिरवली आणि वामनरावांकडे पाहिलं.

"बरोबर," ते म्हणाले.

त्यांनी पुन्हा फिरवली.

"हेही बरोबर."

न राहवून मी म्हणाले, "फाटेल हो."

"फाटू दे, ताई. दिवसभरात एवढंच तिचं चुकत नाही."

मी वाटी पुढे केली. वामनरावांनी वहिनींच्या हातातली नोट अलगद काढून चमचा दिला. त्यांनी तो उलटा धरला. भात चादरीवर सांडला. भाताकडे बघता बघता त्यांचे डोळे भरून आले.

वामनरावांनी चमचा काढून घेतला, वहिनींची बोटं त्यांच्याच पदराला पुसली आणि नोट परत हातात दिली.