तटस्थ बाळंतपण

निवडणूक जाहीर झाली त्या दिवशी शहरातल्या प्रसूतिकेंद्रात एक खाट, पाणी तापवायची एक शेगडी आणि एक सुईण अशी सर्व साधनसामग्री चालू स्थितीत होती. इतकं सगळं एकाच वेळी चालू असणं नियमाला धरून नव्हतं, पण तक्रार कोणी केली नव्हती. सुईणीचं सरकारी पदनाम 'प्रसविका (कायम)' असं होतं. लोक तिला मावशी म्हणत. अर्ध्या शहराला तिनेच उलटं धरून पहिल्यांदा रडवलेलं असल्यामुळे ती कोणालाही काहीही बोले आणि लोक ऐकून घेत.

त्याच सुमाराला क्लचताईचा नववा महिना सरत आला होता. ही बाई मोटार शिकवायच्या शाळेत शिकवायची. 'क्लच हळू सोडा' हे वाक्य ती झोपेतही बोलते असं तिचा नवरा सांगे. हा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याला गाडी शिकवायचा प्रयत्न तिने लग्नानंतर केला होता, पण संसार टिकावा म्हणून मध्येच सोडून दिला. घरात सासू होतीच, बाळंतपणासाठी आईही येऊन राहिली होती. दोघी विहिणी एकमेकींशी अतिशय गोड बोलत, त्यामुळे नवरा दुकानातून उशिरा घरी येई.

गरोदर बायका मतदान करतात, आणि त्यांच्या सासवाही करतात, असं कुठल्याशा पाहणीत आढळलं. मग तिन्ही पक्षांना प्रसूती या विषयावर आपापली भूमिका असल्याचं एकाच आठवड्यात आठवलं.

पहिल्या पक्षाची भूमिका अशी की बाळंतपण घरीच व्हावं, आपल्या माणसांत, सुईणीच्या हातून. त्यांचा नेता स्वतः दवाखान्यात जन्मला होता आणि आपल्यावर झालेला हा अन्याय तो भाषणात डोळे पुसत सांगे. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, प्रत्येक माता दवाखान्यातच गेली पाहिजे. त्यासाठी नव्या दवाखान्याच्या भव्य इमारतीची कोनशिला बसवून झाली होती. इमारत मागाहून येणार होती. तिसरा पक्ष मध्यममार्गी. बाळंतपण ना घरी, ना दवाखान्यात, तर दोहोंच्या मध्ये कुठेतरी व्हावं असं त्यांना वाटे. मध्ये म्हणजे नेमकं कुठे, ते व्यापक चर्चेतून ठरायचं होतं.

क्लचताईच्या घरात सासू पहिल्या पक्षाची, आई दुसऱ्या पक्षाची झाली. नवरा तिसऱ्यात गेला, कारण त्याला दोघींच्या हातचं जेवायचं होतं.

तिन्ही पक्षांचं एका बाबतीत एकमत होतं. तिघांच्याही फलकांवर मावशीचा हसरा फोटो होता. मावशीने यावर आक्षेप घेतला, पण तो तत्त्वाचा नव्हता. घरवाल्यांनी, म्हणजे पहिल्या पक्षाने, वापरलेल्या फोटोत आपण जाड दिसतो, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आचारसंहिता राबवायला जो अधिकारी नेमला होता तो तरुण होता आणि प्रामाणिक होता, आणि तिथेच सगळं घोडं अडलं. नियमाप्रमाणे त्याने सरकारी जागेतले प्रचारातले सगळे चेहरे कागद लावून झाकून टाकले. दुसऱ्याच दिवशी तक्रार आली की फलकांवरचा चेहरा झाकला असला तरी मूळ चेहरा प्रसूतिकेंद्रात दिवसभर उघडा बसलेला असतो. अधिकाऱ्याने नियम पुन्हा वाचला. मूळ चेहऱ्याला सूट असल्याचा उल्लेख त्यात नव्हता. संध्याकाळी आदेश निघाला की सदर प्रसविकेचा चेहरा निकाल लागेपर्यंत झाकून ठेवण्यात यावा.

मला दिसणार कसं, असं मावशीने विचारलं. डोळ्यांपुरती भोकं ठेवायला हरकत नाही, पण त्यांतून कोणत्याही पक्षाला अनुकूल भाव दिसता कामा नयेत, असं तिला कळवण्यात आलं. तेव्हापासून मावशी पांढरी चादर अंगावर घेऊन केंद्रात बसू लागली. तपासणीला आलेल्या पहिल्या बाईने तिला पाहिलं आणि ती पर्स तिथेच टाकून पळाली. दुसरीला तर दारातच कळा सुरू झाल्या.

त्या दुसरीमुळेच पुढचा प्रश्न उभा राहिला. तिचं बाळंतपण केंद्रात सुखरूप झालं, पण केंद्र हा दवाखान्याचाच प्रकार असल्याने हा उघड प्रचार आहे, असं घरवाल्यांनी लेखी कळवलं. लगेच दवाखानावाल्यांनी गल्लोगल्ली पाळत ठेवून घरी झालेलं एक बाळंतपण पकडून दिलं. अधिकाऱ्याने बराच विचार केला. घरी बाळंत होणं हा एका पक्षाचा प्रचार होता, दवाखान्यात होणं हा दुसऱ्याचा. तेव्हा निकालापर्यंत नागरिकांनी तटस्थ ठिकाणी बाळंत व्हावं, आणि शक्य असल्यास होऊच नये, असं आवाहन त्याने केलं.

क्लचताई त्याच्या कचेरीत गेली. खुर्ची पुढे ओढून, पाय पसरून, तिने आपली अडचण सांगितली. तो सहानुभूतीने ऐकत होता. बाई शिकलेली दिसत होती, त्यामुळे त्याने मोकळेपणाने विचारलं, "थोडं पुढे ढकलता येईल का?"

"माझी काही हरकत नाही," क्लचताई म्हणाली. "पण ते माझ्या हातात नाही. आतल्याशी बोलून घ्या."

अधिकाऱ्याने तिच्या पोटाकडे पाहिलं. मग खुर्चीतून किंचित वाकून, आवाज हळू करून, त्याने निकालाची तारीख सांगितली.

आतल्याने ती ऐकली नाही. मतदानाच्या दिवशी, भर दुपारी, क्लचताईला कळा सुरू झाल्या. सासूने लगबगीने पाणी तापत ठेवलं, तर दवाखानावाल्यांचे दोन निरीक्षक कॅमेरा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आईने बॅग उचलून दवाखान्यात चला म्हटलं, तर तिथल्या दारावर घरवाल्यांचे निरीक्षक बसल्याची बातमी आली. सासूने क्लचताईचा डावा हात धरला, आईने उजवा. दोघीही अहो विहीणबाई, अहो विहीणबाई असं म्हणत ओढू लागल्या. क्लचताईने दोन्ही हात सोडवून घेतले, खिळ्यावरची शाळेच्या गाडीची किल्ली काढली आणि ती चालत खाली गेली.

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. क्लचताई चालवायला बसली आणि नवरा त्या जागी. कळ आली की बायको ओरडे, बायको ओरडली की नवरा ब्रेक दाबे, आणि त्या धक्क्याने पुढची कळ येई. असं करत करत गाडी बंद पडलेल्या कारंज्याच्या चौकापर्यंत गेली आणि तिथे बंद पडली. क्लचताई मागच्या सीटवर आडवी झाली. नवरा मावशीला आणायला धावला. तो इतका जोरात धावू शकतो हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

लोक मतदान करून परतत होते. गाडीभोवती गर्दी जमली. तेवढ्यात समोरच्या उतारावरून पांढरी चादर पांघरलेली एक आकृती सायकलवरून भरधाव येताना दिसली आणि गर्दीने आपोआप वाट करून दिली. मागून अधिकारी पळत येत होता, कारण केंद्राबाहेर ही आकृती म्हणजे फिरता प्रचार होता. मावशीने सायकल त्याच्या अंगावर टाकली, चादर ओढून काढली आणि तिची दोन टोकं त्याच्या हातात दिली.

"पडदा धर," ती म्हणाली. "आणि तोंड तिकडे कर."

त्याला कोणत्या नियमाखाली नकार द्यावा हे सुचेना. त्याने पडदा धरला.

पुढचा वेळ पडद्याबाहेर सर्वांना फार लांब वाटला. क्लचताईचा आवाज आधी मोठा होता, मग बारीक झाला. बाळ आलं, पण रडलं नाही. मावशीने त्याला थोपटलं, चोळलं, शिव्या दिल्या. नवरा कारंज्याच्या कठड्याला धरून उभा होता. मग एक चिरका, रागावलेला आवाज आला आणि सगळा चौक एकदम हसू लागला. अधिकारीही हसला, तिकडे तोंड करून.

तेव्हा मध्यममार्गी पक्षाच्या एका कार्यकर्त्याच्या लक्षात आलं की ही गाडी घर आणि दवाखाना यांच्या बरोबर मध्ये उभी आहे. त्यांच्यात आनंदाची लाट उसळली. भूमिका सिद्ध झाली होती. आता तिचा अर्थही कळला होता. दवाखानावाल्यांनी गाडीचं तोंड दवाखान्याकडे असल्याचं दाखवून दिलं. बाळाचं डोकं मात्र घराच्या दिशेने होतं, असा घरवाल्यांचा दावा होता. अंतर मोजायला फीत आणली गेली. ती नीट धरली आहे का ते पाहायला तिन्ही पक्षांची माणसं वाकली. सासू एका बाजूला ओरडत होती, आई दुसऱ्या. येणारा प्रत्येक जण विचारत होता की बाळ कोणाचं ठरलं, म्हणजे कोणत्या पक्षाचं.

गाडीच्या आत क्लचताईचे ओठ पांढरेफटक पडले होते. रक्त थांबत नव्हतं. मावशी एकदम गप्प झाली होती, आणि तिला गप्प झालेलं शहरात कोणी कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही हातांनी पोट दाबून धरत ती एवढंच म्हणाली की दवाखान्यातून डॉक्टरला बोलवा, लवकर. ते ऐकलं फक्त नवऱ्याने. तो गर्दीतून वाट काढू लागला, पण फीत ओलांडू नका म्हणून लोकांनी त्याला दोनदा मागे ढकललं.

मोजणी संध्याकाळपर्यंत चालली. मतांची त्यानंतर. एक पक्ष जिंकला, दोन हरले आणि तिघांनीही मिरवणूक काढली. कोण जिंकलं ते विचारायचं तुमच्या अगदी ओठांवर आलं असेल. ही गोष्ट मुळात कोणत्या पक्षाला टोला मारायला लिहिली आहे, याचा हिशेब तर तुम्ही केव्हापासून मनात मांडताय, आणि मुलगा झाला की मुलगी तेही विचारणार असालच.

बाळाची आई वाचली. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून आपणहून सांगितलं.