मी डोंगर झाडून काढला!

आधीच सांगून ठेवते. आमच्या घरातली पहिलीवहिली डोंगरातली सहल ठरवली मी, सगळ्यांना पटवली मी, आणि तिची माती केली तीही मीच! तिन्ही कामं एकहाती. कुणाची मदत घेतली नाही!

गेल्या वर्षापर्यंत घरी मला 'मूग' म्हणायचे, कारण पाहुणे आले की मी मूग गिळून बसायचे. मग शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पर्यावरणावर बोलायला उभी राहिले, वेळ संपल्याची घंटा वाजली तरी थांबले नाही आणि पहिलं बक्षीस घेऊनच खाली उतरले. त्या दिवसापासून मी 'तोफ'. हे नाव आत्याने ठेवलं. कौतुकाने ठेवलं, असा माझा समज आहे.

तर या तोफेने सुट्टी लागण्याआधीच घरावर मारा सुरू केला.

"बाबा, आपण जबाबदार सहलीला जायचं! छोटा गट, आपलं ओझं आपणच उचलायचं, तिथल्याच माणसांच्या घरी राहायचं आणि डोंगरावर कचऱ्याचा कणसुद्धा टाकायचा नाही!"

"म्हणजे एरवी आपण बेजबाबदारपणे फिरतो काय गं?" बाबांनी विचारलं.

"एरवी आपण फिरतच नाही," आई म्हणाली. आणि मग वह्या तपासता तपासता, मान वर न करता म्हणाली, "तिकडे हिमनदी दिसते का?"

आई आमच्याच शाळेत भूगोल शिकवते. माझ्याच वर्गाला! दरवर्षी ती फळ्यावर पांढऱ्या खडूने हिमनदी काढते, इतकी झोकात की पहिल्या बाकावर हुडहुडी भरावी. आणि दरवर्षी कुणीतरी दिवटा हात वर करून विचारतो, "बाई, तुम्ही पाहिलीय?" आई म्हणते, "पुढच्या सुट्टीत बघणार आहे." ही पुढची सुट्टी माझ्या जन्माआधीपासून येते आहे.

"दिसते म्हणजे काय! मी दाखवते तुला!" मी छाती ठोकून सांगितलं.

आत्या म्हणाली, "ही दाखवणार म्हणजे मलाही यायलाच हवं. कुणीतरी शहाणं नको का बरोबर?"

गटात आम्ही चौघं आणि एक दंतवैद्य काका. एकटेच आले होते. त्यांना जिकडेतिकडे दातच दिसत. "तो बघा सुळा! ती दाढ! आणि त्या दोघांच्या मधे फट आहे बघा, अन्न अडकणार तिथे!" एवढ्या भव्य डोंगररांगेकडे बघून माणूस असं बोलतो! आमचा वाटाड्या म्हणजे लाल कानटोपी घातलेला तरुण मुलगा. हसतमुख, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "आता थोडंसंच राहिलं!"

शेवटच्या मुक्कामाचं घर लाकडी होतं. एकच मोठी खोली, मधे शेगडी, शेगडीभोवती सगळ्यांचे ओले मोजे. त्यांचा वास असा की दंतवैद्य काकांनी तोंडाला त्यांचा तो कामावरचा मास्क बांधला. घरमालकिणीने सगळ्यांना गरम सूप दिलं आणि बजावलं, "डोंगरावर माणसाने आणलेलं काही मागे ठेवू नका."

मला कुणी बजावायचीच खोटी! बेत असा होता: एक दिवस विरळ हवेची सवय म्हणून अर्ध्या वाटेपर्यंत चालायचं आणि दुसऱ्या सकाळी थेट हिमनदी. तिसऱ्या दिवशी खाली उतरायची गाडी. म्हणजे हिमनदीसाठी सकाळ एकच.

सरावाच्या दिवशी वाटाड्याने मला सगळ्यात शेवटी चालायला सांगितलं. "मागे कुणी राहत नाही ना, बघ. मोठी जबाबदारी आहे."

जबाबदारी! हा शब्द ऐकला की माझ्या अंगात येतं. मी पोतं काढलं आणि लागले वेचायला. चॉकलेटचे कागद, एक फुटका चष्मा, एका बुटाचा तळ. लाकडी पुलाच्या पलीकडे तर कहरच! तिथे नुसतं दगडांचं रान, आणि त्यात जिथे म्हणून झुडूप होतं तिथे कुणीतरी लाल कापडाच्या चिंध्या बांधून ठेवलेल्या! एक, दोन नाही, ढिगाने! शिवाय दगडावर दगड ठेवून लहान लहान उतरंडी रचलेल्या. कोण हे टवाळ पर्यटक! माझं रक्त खवळलं. चिंध्या सोडून पोत्यात टाकल्या. उतरंडी पायाने लोटल्या. परत येताना आम्ही ओढ्याकाठच्या दुसऱ्या, फक्त उतरायलाच जमेल अशा घसरड्या वाटेने आलो, त्यामुळे माझी कामगिरी कुणाच्या नजरेस पडली नाही. याचं मला तेव्हा वाईटसुद्धा वाटलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडलो तर धुकं. असं धुकं की आत्याच्या नाकावरची माशी दिसली असती, पण आत्या दिसली नसती. आईने मात्र चष्मा दोनदा पुसला आणि नवी दुर्बीण गळ्यात अडकवली. "वर गेल्यावर उघडेल," ती म्हणाली. पोतं माझ्या पाठीवर होतंच. हिमनदीसमोर पोतं धरून फोटो काढायचा आणि शाळेच्या फलकावर लावायचा, असा माझा साधा विचार होता.

पूल ओलांडला आणि वाटाड्या थांबला. डावीकडे गेला, परत आला. उजवीकडे गेला, परत आला. कानटोपी काढून डोकं खाजवलं.

"काय रे, थोडंसंच राहिलं ना?" बाबांनी विचारलं.

"राहिलं थोडंसंच. पण कुठल्या बाजूला, ते कळत नाही."

"म्हणजे? तुला वाट माहीत नाही?" आत्या कडाडली.

"वाट माझ्या काकाला माहीत आहे. त्याचा पाय मुरगळला, म्हणून यंदा मी. काकाने खुणा बांधून ठेवल्यात, त्या बघत जायचं. कालपर्यंत होत्या हो! लाल चिंध्या होत्या, दगड रचलेले होते..."

मी तोंड उघडलं होतं. "कोण हे बेजबाबदार लोक, जे दुसऱ्यांच्या खुणा" इथपर्यंत माझं भाषण आलंसुद्धा होतं. आणि मग माझ्या पाठीवरचं पोतं एकाएकी मणाचं झालं.

तोफेचा पार मूग झाला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. एवढं एक वाक्य! पण आई पुढे उभी होती, दुर्बीण दोन्ही हातांनी धरून.

"चला, वर जाणारी वाट वरच जाणार!" वाटाड्या म्हणाला आणि आम्ही निघालो.

मग मला युक्ती सुचली. मी शेवटी आहे, चिंध्या माझ्याकडे आहेत. आपण जातो आहोत त्या वाटेवर गुपचूप बांधत गेले तर निदान परतताना चुकणार नाही! मी दर झुडपाला एक चिंधी बांधत सुटले. काय हुशार मुलगी!

बराच वेळ चाललो. दम लागला, पाय भरून आले. आणि अचानक पुढून वाटाड्याची आरोळी आली, "सापडली! खूण सापडली!"

सगळे आनंदाने ओरडले. आईने मागे वळून माझ्याकडे बघून हात हलवला! मी जाऊन बघितलं. लाल चिंधी. ताजी. माझीच! आम्ही गोल फिरून माझ्या पहिल्या झुडपाशी आलो होतो.

"आता धरा या खुणा, सरळ हिमनदी!" वाटाड्या म्हणाला.

"पण..." मी म्हणाले.

"तोफे, भाषण नंतर," आत्या म्हणाली.

आम्ही पुन्हा फेऱ्या मारायला लागलो! माझ्याच चिंध्यांमागून! घाण्याच्या बैलालासुद्धा निदान तेल निघताना दिसतं. दुसऱ्या फेरीत बाबा म्हणाले, "हा दगड ओळखीचा वाटतो." तिसऱ्या फेरीत दंतवैद्य काका म्हणाले, "मी या दगडावर मघाशी बसलो होतो, हा बघा माझा रुमाल."

आत्या खाली बसली. बसली ती नेमकी झुडपासमोर. चिंधीकडे टक लावून बघितलं आणि वाटाड्याला म्हणाली, "तुझा काका गाठ कशी मारतो रे?"

"काकाची गाठ? दातांनी सोडावी लागते."

"मग हे फूल कुणी बांधलं?"

मी वाकून बघितलं. खरंच! शाळेत जाताना रोज वेणीला रिबीन बांधते तसं, दोन पाकळ्यांचं, दोन्ही बाजू सारख्या ओढलेलं फूल. सगळ्या झुडपांवर! हाताला सवय, डोक्याला पत्ताच नाही! पाच माणसं आधी चिंधीकडे, मग माझ्या वेणीकडे, मग पोत्याकडे बघायला लागली.

काकांनी पोत्यात हात घातला आणि लाल चिंध्यांचा गुच्छ बाहेर काढला. "कीड सापडली!"

"अहो, कीड काय म्हणता, भाची आहे ती माझी!" आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तू गप्प होतीस तेव्हा किती सुखात होतो गं आम्ही!"

वाटाड्याने घड्याळ बघितलं. दुपारनंतर हवा फिरते, त्याआधी पूल ओलांडायचाच, हा नियम. आता परत फिरायचं होतं.

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला. वरच्या मजल्यावर कुणी लोखंडी कपाट ओढावं तसा, मग एकदम कडाड! सगळे जागच्या जागी थिजले.

"तीच ती!" वाटाड्या कुजबुजला. "बर्फ तडकतोय. म्हणजे आपण अगदी... आता खरंच थोडंसंच राहिलं होतं."

आई आवाजाच्या दिशेला वळली. दुर्बीण डोळ्यांना लावली. दुर्बिणीतून धुकं जरा मोठं दिसलं असेल, एवढंच. तरी ती बराच वेळ बघत राहिली.

"आई, माझं चुकलं," मी म्हणाले.

तिने दुर्बीण खाली घेतली. ओरडली असती तर बरं झालं असतं! ती नुसतं म्हणाली, "उतरताना नीट बांधत ये. पक्क्या गाठी."

आधी माझी फुलं सोडली, मग पुलाखालच्या पाण्याच्या आवाजाच्या रोखाने, वाटाड्या दाखवील त्या झुडपाला मी चिंधी बांधत उतरले. उतरंडीही रचल्या. दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो, तेव्हा डोंगर लख्ख उघडला होता. वळणापर्यंत आई खिडकीतून मान काढून बघत होती. त्या बाजूने नुसत्या दाढा आणि सुळेच दिसत होते.

शाळा सुरू झाली. आईने फळ्यावर हिमनदी काढली, नेहमीसारखीच झोकात. मागच्या बाकावरच्या दिवट्याने हात वर केला.

"बाई, पाहिलीत?"

"ऐकली," आई म्हणाली. "पुढच्या सुट्टीत बघणार आहे."

मग तिने लाल खडू घेतला आणि हिमनदीच्या पायथ्याशी एक छोटंसं, दोन पाकळ्यांचं फूल काढलं.

"बाई, ही कसली खूण? आमच्या पुस्तकात नाही!"

"ही? ते तुमची वक्तृत्वातली पहिली सांगेल. उभी राहा गं."

अख्खा वर्ग माझ्याकडे वळला. मी उभी राहिले, घसा साफ केला आणि पाणी प्यायला जाऊ का, असं विचारलं.