उमेदवार, हात दाखवा

उस्मानपुऱ्यात साळवे मास्तरकडं लॅपटॉप घेऊन गेलात, तर तो लॅपटॉपकडं बघतच नाही. आधी तुमचे हात बघतो. टेबलावर दोन्ही पंजे ठेवायचे, आधी उताणे, मग पालथे. चष्मा कपाळावर चढवून तो नखं, पेरं, बेचक्या सगळं तपासतो आणि विचारतो, "उमेदवार, सकाळी पोहे खाल्ले का?"

खाल्लेले असतातच.

"मग बटनात लिंबू जाणारच. मशीनला शिव्या देऊ नका."

हा माणूस पूर्वी टायपिंगचा क्लास चालवायचा. त्यामुळं गिऱ्हाईक हा शब्द त्याच्या तोंडात बसत नाही. येईल तो उमेदवार. बँकेतला साहेब उमेदवार, कॉलेजची पोरगी उमेदवार, पाणी मागायला आलेला रिक्षावालाही उमेदवार. टायपिंगच्या मशीनी भंगारात गेल्या, बोर्ड तेवढा राहिला. त्याच बोर्डाखाली तो आता लॅपटॉपचे कीबोर्ड दुरुस्त करतो. फक्त कीबोर्ड. स्क्रीन फुटला म्हटलं की, "ते डोळ्याचं काम. मी हाताचा डॉक्टर," म्हणून वाटेला लावतो.

त्याच्या फळीवर औषधाच्या रिकाम्या बाटल्या आहेत. कीबोर्ड उलटा करून, पाठीवर थापट्या मारून जे खाली पडतं ते त्या बाटल्यांत. वर चिठ्ठ्या. 'बाकरवडी, वकीलसाहेब.' 'साबुदाणा, एकादशी.' 'मांजराचे केस, लॅपटॉप तीन, मांजर एकच.' खालच्या लांब बटनाला तो थोरली सून म्हणतो. "सगळ्यात जास्त मार हिला, अन् हिच्यावर साधं नाव बी छापलेलं नसतं."

पण सगळ्यात मजा त्याच्या टायपिंगची. दुरुस्तीची चिठ्ठी तो स्वतःच्या लॅपटॉपवर टाइप करतो. एका बोटानं. बटन दाबतो, दाबूनच ठेवतो, अक्षर उमटलं की मग पुढचं. जन्मभर लोकांना स्पीड शिकवलेला माणूस! मी तर पहिल्याच दिवशी तोंडावर म्हणालो, "मास्तर, तुमच्यापेक्षा आमची बस घाटात जोरात चढायची."

"घाई कुणाला हाय?" तो म्हणाला. हे त्याचं ठरलेलं उत्तर.

मी सातवी शिकलेला माणूस. बसगाड्यांच्या वर्कशॉपात हयात गेली. इंग्रजी अक्षरं नंबरप्लेटवर वाचून शिकलो. माझा लॅपटॉपशी संबंध नव्हता. तो माझ्या बायकोचा, सुमनचा. पुण्याच्या लेकीनं, उषानं, आईला दिलेला. सुमनच्या हाताला कंपवात होता. चहाचा कप नेताना अर्धा चहा बशीत. तशा हातानं ती टाइप करायला बसली की एकेक अक्षर चार-चार वेळा उमटायचं. एकदा मी म्हणालो, "कप फोडलेस तेवढे बास झाले. आता लेकीचं मशीन फोडू नको."

मी असाच बोलतो. तेव्हापासून माझ्यासमोर लॅपटॉप उघडायचं तिनं बंद केलं.

गेल्या दिवाळीच्या आधी ती गेली.

नंतर लई दिवस मी त्या लॅपटॉपला हात लावला नाही. मग एकदा वाटलं, आत काय लिहिलंय ते बघावं. पासवर्ड मला ठाऊक होता, लेकीचं नाव. उघडला तर दोन बटनांवर टिकल्या चिकटवलेल्या. काय हा बायकी कारभार म्हणून मी त्या नखानं खरवडून फेकल्या. मग अक्षरं दाबली. एकही उमटंना. जोरात दाबली, ठोकली. काहीच नाही. एका दुकानात नेला. तो म्हणाला, कीबोर्ड गेला, आतलं सगळं पुसून नवीन करावं लागेल. उषा फोनवर म्हणाली, "बाबा, पुसून टाका. जुनाच झालाय तो."

सगळं जुनंच असतं. म्हणून पुसायचं? शेजाऱ्यानं साळवे मास्तरचं नाव सांगितलं आणि मी तिथं गेलो.

माझे हात बघून मास्तर खूश झाला. "ग्रीसचा हात. या हातानं बटन नाही दाबायचं, नट पिळायचा." मग लॅपटॉप बंद करून उलटा घेतला, थापट्या मारल्या. काहीच पडलं नाही. बाटली रिकामी राहिली म्हणून बिचारा हिरमुसला. चालू-बंदचं बटन दाबून धरून "ए, एस, डी, एफ" असं आरतीसारखं म्हणत बसला. म्हणे तेवढ्यात आतली शिल्लक वीज निघून जाते. परत चालू केला. तरी अक्षर नाही. मग बाहेरचा वेगळा कीबोर्ड जोडला, त्याच्यावर बोटं नाचवली. तोही मुका.

"व्हय का!" मास्तर सरळ बसला. "बाहेरचा बी बोलंना. म्हणजे बटनं शाबूत हैत. कुणीतरी आतून सांगून ठेवलंय, ऐकू नको म्हणून."

त्यानं लॅपटॉप पहिल्यांदाच नीट पुढ्यात ओढला. बटनांवरून बोटं फिरवली आणि मध्येच थांबली. दोन बटनांवर डिंक राहिला होता. तो त्यानं अंगठ्यानं चाचपला.

"इथल्या टिकल्या कुठं गेल्या?"

"मी काढल्या. तुम्हाला काय माहीत?"

"मीच लावायला सांगितल्या होत्या. बोटं कुठं टेकवायची ते कळावं म्हणून." त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही सुमनताईंचे मालक? ताई का नाही आल्या? लई गुरुवार झाले."

गुरुवारी ती दत्ताच्या देवळात जायची. निदान मला तसं सांगायची.

"गेली," मी म्हणालो.

मास्तरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यानं सांगितलं. कीबोर्ड बिघडला नव्हताच. त्यात एक सोय असते. बटन दाबून धरलं तरच अक्षर घ्यायचं, थरथरता स्पर्श सोडून द्यायचा. हात कापतो त्याच्यासाठी. ती सोय त्यानंच, गुरुवारी टायपिंग शिकायला येणाऱ्या सुमनला करून दिली होती. मी घाईघाईनं ठोकत होतो, म्हणून मशीन मला ओळखत नव्हतं.

"पण ताईंना माझ्यासमोर लाज वाटायची," मास्तर म्हणाला. "म्हणायच्या, तुमचा हात कसा पळतो, माझं हे असं. म्हणून मी माझ्या मशीनला बी तीच सेटिंग केली. म्हटलं, घ्या ताई, आता दोघं एकाच स्पीडचे उमेदवार. तवा हसल्या."

मी त्याच्या लॅपटॉपकडं बघितलं. "मग आता तरी काढायची ना."

"बसतो एकटाच इथं. कुणासाठी पळवू?" तो म्हणाला. मग नेहमीच्या आवाजात, "तुमची काढतो. रिसेट एका मिनिटाचं काम. चालंल?"

"नाय. राहू द्या."

मी उषाच्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर दाबलं आणि धरून ठेवलं. उमटलं. दुसरं. तिसरं. चौथं. दार उघडल्यासारखा पडदा उघडला. आत पानंच्या पानं टायपिंगचा अभ्यास, तीच तीच अक्षरं. शेवटी उषाला लिहायला घेतलेलं एक पत्र, इंग्रजी अक्षरांत मराठी. मी नंबरप्लेटसारखं एकेक अक्षर जुळवून वाचलं.

'बाबांना सांगू नको. चांगलं जमलं की एकदम दाखवीन. मग बघू काय म्हणतात.'

पुढं काही नाही.

काय म्हणालो असतो मी? काहीतरी वाकडंच बोललो असतो. मास्तर पाठ करून फळीवरच्या बाटल्या पुसत होता. पुसलेल्याच परत पुसत होता.

घरी आलो. मोरीजवळच्या आरशाच्या कडेला सुमन टिकल्या चिकटवून ठेवायची, त्या तशाच होत्या. पाच. त्यातल्या दोन अलगद काढल्या आणि डिंकाच्या जागी बसवल्या. एक जरा वाकडी बसली.

आता गुरुवारी मी जातो. मास्तर रोजच्या उमेदवारांचे हात बघतो, माझे बघत नाही, नुसती खुर्ची ओढून देतो. मग आम्ही दोघं आपापल्या मशीनवर एकेक अक्षर दाबून धरत बसतो. उषाचं पत्र पुरं करायचं आहे. दोन ओळी झाल्यात.