घड्याळजींच्या पायाची खाज

त्या सकाळी घड्याळजी आणि त्यांची बायको चौघडा वाजवावा तसे पाय खाजवत होते. समोर सासूबाई पाय पोटाशी घेऊन खुर्चीत बसल्या होत्या आणि जावयाकडे आरोपीकडे पाहावं तसं पाहत होत्या.

घड्याळजींना वीस वर्षांपासून सोरायसिस होता. "हा रोग पसरत नाही," हे त्यांनी शेजाऱ्यांपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना घोकून घोकून सांगितलं होतं. सासूबाईंना मात्र ते कधीच पटलं नाही. यंदा त्या महिनाभर राहायला आल्या, त्याही स्वतःचा टॉवेल आणि स्वतःचा साबण घेऊन.

पंधरा दिवसांत घड्याळजींच्या पायाच्या बोटांमध्ये खाज सुटली. कातडी पांढरी, ओली झाली. "आपलंच जुनं दुखणं," म्हणत त्यांनी कपाटातलं सोरायसिसचं मलम चोपडलं. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दुकानात घड्याळ दुरुस्त करताना अशी खाज उठली, की चिमट्यातलं चक्र उडून थेट गिऱ्हाइकाच्या चहात पडलं. आणि चौथ्या दिवशी बायकोलाही खाज सुटली.

"पसरत नाही ना?" टाच चौकटीला घासत ती म्हणाली.

"नाही पसरत! शास्त्र सांगतं!"

"मग ते शास्त्र जरा माझ्या पायाला वाचून दाखवा."

"मी लग्नाआधीच म्हणाले होते," सासूबाई छताकडे बघून पुटपुटल्या.

वीस वर्षांची अब्रू पणाला लागली होती. घड्याळजींनी दोघींना उचललं आणि तडक त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी बोटांमधली कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

"हा सोरायसिस नाही. ही बुरशी आहे. तुम्ही सोरायसिसचं मलम लावलंत म्हणता, त्यातल्या स्टेरॉइडने तिचं चांगलं फावलं."

"बुरशी? अगदी नक्की?" घड्याळजींचा चेहरा बक्षीस लागल्यासारखा उजळला. त्यांनी दार उघडलं आणि बाहेरच्या रांगेला ओरडून सांगितलं, "बुरशी आहे हो! ही पसरते!"

रांगेतल्या सगळ्यांनी एकदम पाय वर घेतले.

"बाथरूममध्ये चपला किती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकच जोडी. तिघंही तीच घालतो," बायको म्हणाली.

"मग आजींचेही पाय बघू."

"माझे पाय ठणठणीत आहेत!"

बऱ्याच झटापटीनंतर मोजे उतरले. अंगठ्यांची नखं जाड, पिवळी, कडेला भुसभुशीत.

"किती वर्षं झाली?"

"वयाने होतं तसं," सासूबाई म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, "तीन."

"सुरुवात इथूनच झालेली दिसते."

घड्याळजींनी मोठं भाषण ठोकायला तोंड उघडलं. पण अनवाणी, मान खाली घालून बसलेल्या सासूबाई त्यांना एकदम लहान मुलीसारख्या वाटल्या. भाषण तसंच सोडून त्यांनी मोजे उचलून दिले.

औषधं घेऊन बाहेर पडताना सासूबाईंनी त्यांची बाही ओढली.

"जावईबापू, हे नातेवाइकांत बोलू नका हं. कुणी विचारलंच, तर मी सांगेन, सोरायसिस झालाय म्हणून."

"सोरायसिस?"

"हो. तो काही पसरत नाही."