नानांचं शे

धुळ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या नानांच्या दारात उभं राहून ‘नाना, आहात का?’ विचारलं, तर उत्तर येत नाही. ‘नाना घरमा शे का?’ म्हटलं की आतून ताबडतोब येतं, ‘शे!’

अहिराणीत शे म्हणजे आहे. पण नानांपुढे हे एवढ्यावर थांबत नाही. ते आयुष्यभर सुरतच्या बसवर कंडक्टर होते आणि तिकिटांपेक्षा शब्दच जास्त फाडत असावेत. ‘गुजरातीचा छे आणि आपला शे एकाच आईची पोरं. मराठीतला शे निराळा. शत झिजून झाला, दोनशे, तीनशे करत बसतो. तो नुसता मोजतो. आपला असतो!’

हे ज्ञान त्यांनी ठेच खाऊन मिळवलंय. नवीन नोकरीत एक सुरती व्यापारी म्हणाला, ‘टिकिट छे.’ म्हणजे तिकीट आहे. नानांच्या कानात हिंदी होती. त्यांनी सहा तिकिटं फाडली. चूक व्यापाऱ्याची, असं ते अजून म्हणतात.

मी इंग्रजी शाळेतली आणि अबोल, म्हणून त्यांची आवडती श्रोती. पेपरातलं s-h-e हेसुद्धा ते ‘शे’ वाचतात. एकदाच मी धीर करून म्हटलं, ‘नाना, शी.’

‘बाईमानूसले शी म्हनस, वं? शिकेल शे ना तू?’

पुन्हा मी त्या वाटेला गेले नाही.

मागच्या वर्षी अक्का, त्यांची बायको, गेल्या. परवा नाना वहीचं पान घेऊन आले. परदेशातल्या नातवाला मराठी वाचता येत नाही. त्याला आजीबद्दल इंग्रजीत लिहून पाठवायचं होतं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. माहेर भडगावचं. कंडक्टरची बायको, पण बस लागायची. शेवेची भाजी अशी तिखट, की पाहुणे रडत जेवायचे.

नानांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ‘शे... वाज... हाई वाज काय शे?’

‘होती,’ मी म्हणाले.

नानांनी पान माझ्याकडे सरकवलं.

‘खोडी टाक. बठ्ठा वाज खोडी टाक.’

‘नाना, वाक्यं चुकतील.’

‘चुकू दे. शे ऱ्हाऊ दे.’

मी एकेक वॉज खोडला. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी ते पान फाडलं असतं. नानांनी मात्र चष्मा पुसून पुन्हा वाचलं, ‘शे... फ्रॉम भडगाव.’

मी उच्चार सुधारला नाही.

‘आते बरोबर शे,’ नाना म्हणाले.