कंसावरून झालेलं भांडण

नणंद-भावजयीत कंसावरून बिनसलं, असं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण त्या घरात तसंच झालं.

दोघी मिळून एका वाचनालयासाठी पर्ल या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहीत होत्या. जुन्या वर्तमानपत्रांच्या मजकुरातून तारखा हुडकायच्या होत्या. त्यासाठी दोघींनी एकेक शोधनमुना, म्हणजे तारीख कशी दिसते ते संगणकाला सांगणारी चिन्हांची ओळ, लिहिला होता, जुळ्या भावंडांसारखा. फरक एवढाच, की त्या ओळीत महिन्याच्या चिन्हांभोवती घातलेला नणंदेचा कंस सापडलेला महिना लक्षात ठेवी, वहिनीचा ठेवत नसे.

"माझा जास्त पळतो. उगाच डोक्यावर ओझं कशाला?" वहिनी म्हणाली.

"बोलून वेग कळतो होय? दादा, तू मोजून दे."

दादा याच धंद्यातला. पण या दोघींपुढे आपण पाणी भरतो, हे तो चारचौघांत अभिमानाने सांगे. त्याने चाचणी लिहिली आणि दोन्ही नमुने पळवले. बायको जिंकली.

"माझा आधी पळवलास, तेव्हा यंत्र जांभया देत होतं," बहीण म्हणाली. त्याने क्रम बदलला. बहीण जिंकली.

"घेतलीस बहिणीची बाजू," बायको शांतपणे म्हणाली. तिचा हा शांतपणा त्याच्या ओळखीचा होता. त्याने घाईघाईने पुन्हा मोजलं, तर बरोबरी झाली. आता दोघीही त्याच्याकडे संशयाने पाहू लागल्या.

"थांब जरा," बायको पडद्याकडे वाकली. "वर्षभराचा मजकूर, आणि पापणी लवायच्या आत संपतो?"

"मलाही तेच खटकतंय गं."

दोघींची डोकी एकत्र आली. त्याला जे तासभर दिसलं नव्हतं, ते त्यांना चहा निवायच्या आत दिसलं.

"दादा, मजकूर चाचणीच्या बाहेरच राहिलाय. दोन्ही नमुने रिकाम्या जागेत तारखा शोधतायत."

"पण पर्लने तक्रार कशी केली नाही?"

"सोशिक आहे ते. रिकाम्या ताटावरही मुकाट जेवतं," बायको म्हणाली.

त्यांनी चाचणी नीट लिहिली. वहिनीचा नमुना केसभर पुढे निघाला.

"वहिनी, तुझाच ठेवू."

"नको गं. तारखा महिनावार लावायच्यात. महिना लक्षात राहायलाच हवा. तुझाच बरा."

दादा कौतुकाने पाहतच राहिला.

प्रोग्रॅम दाखवला, तेव्हा ग्रंथपालांनी विचारलं, "वेग तपासला कुणी?"

"यांनी," बायकोने त्याच्याकडे बोट दाखवलं.

"आणि तीन-तीनदा," बहिणीने भर घातली.

ग्रंथपाल प्रसन्न झाले. "अशी चिकाटी हवी. यापुढे आमच्या सगळ्या चाचण्या तुम्हीच घ्या."

दादाने तोंड उघडलं, पण त्याआधीच दोघी एका सुरात म्हणाल्या, "घेतील की."